कपाटाबाहेरचा कॅमेरा

“दूरचं हवं असेल तर उजवीकडे, जवळचं हवं असेल तर डावीकडे. एवढं हाताला शिकव, मार्नी. डोळा आपोआप शिकतो.”

लस्क केमिस्टांचा हा आवाज मी बारा वर्षांची असताना ऐकला, आणि मग तो माझ्या बोटांत जाऊन बसला. खोकल्याच्या औषधांच्या बाटल्या एका बाजूला, फिल्मचे पिवळे डबे दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये पांढऱ्या कोटातले लस्क. सफरचंदांच्या पेट्यांवर अख्खा हंगाम लेबलं चिकटवून मिळवलेल्या पैशांचा माझा पहिला कॅमेरा त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि लेन्सचं कडं माझ्या बोटांना धरून फिरवलं. उजवीकडे फिरवलं तर नदीपलीकडचे डोंगर रेखीव होऊन उभे राहिले. डावीकडे फिरवलं तर ते धुक्यात गेले, आणि काउंटरवरची झोपलेली मांजर मिशांसकट स्पष्ट झाली.

लस्क एकाच कंपनीचे कॅमेरे विकत. दुसऱ्या कंपन्यांचे होबार्टला मिळायचे, पण त्या काळी होबार्टला जायचं म्हणजे अंघोळ करून, चांगले कपडे घालून जायचं. त्यामुळे आमच्या सगळ्या सिग्नेट गावाच्या गळ्यात एकच कंपनी. लग्नं तिनं टिपली, बारशी तिनं टिपली, नदीवरच्या होड्यांच्या शर्यती तिनं टिपल्या. पुढे लस्क गेले, दुकान गेलं, पण त्यांनी सुरू केलेला कॅमेरा क्लब राहिला. आणि क्लबच्या हॉलमधलं ते हिरवं लोखंडी कपाट राहिलं.

त्या कपाटाबद्दल सांगायलाच हवं. आमच्या क्लबात माणूस गेलं की त्याची लेन्स कपाटात येते. दोऱ्यानं बांधलेल्या पुठ्ठ्यावर नाव असतं. विल्माची फुलांची लेन्स, डग्लसची रुंद नजरेची लेन्स, लस्कांची स्वतःची, काळीभोर, जड, अजून लोण्यासारखी फिरणारी. ज्याला जी हवी ती त्यानं महिनाभर न्यावी. मी विल्माच्या लेन्समधून तिच्याच बागेतले ऑर्किड टिपले आहेत, आणि टिपताना तिच्याशी मनात बोललेही आहे. पण एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर बसत नाही. कंपनी बदलली की कपाट बंद.

सहा वर्षांपूर्वी रे डनबॅबिननं बदलली. कुणी त्याला वाकडा शब्द बोललं नाही. पुढच्या बैठकीला तो सवयीनं उठून कपाटापाशी गेला, दार उघडलं, जरा वेळ उभा राहिला, आणि दार लावून परत येऊन बसला. हिवाळा संपेपर्यंत तो येईनासा झाला. ट्रेव अजून त्याला ‘पळालेला’ म्हणतो. ट्रेवचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि खिळ्यांपेक्षा टोमणे तो जास्त खपवतो.

माझ्यापाशी तर कपाटापेक्षाही मोठी अडचण होती. तिचं नाव बेरिल.

बेरिल ही एक लेन्स. हातभर लांब, अंगापिंडानं भरलेली, पांढरी. गावात पूर्वी मांसाच्या भाजलेल्या पाईंचं दुकान चालवणारी एक बेरिल होती. दारातून आत शिरताना तिला तिरकं व्हावं लागे. तिच्यावरून हे नाव. अकरा वर्षांपूर्वी मी आणि एल्विननं ती दोघांत मिळून घेतली. एल्विन आमच्या क्लबातलाच, पूर्वी होड्या बांधायचा. आता चौऱ्याहत्तरचा आहे, हात अजून ह्युऑन पाइनच्या लाकडासारखे. एक शनिवार बेरिल त्याची, एक शनिवार माझी. पण जायचो दोघं. ज्याची पाळी त्यानं टिपायचं. दुसऱ्यानं थर्मासमधला चहा ओतायचा आणि पाखरू कुठून येतंय ते सांगायचं. अकरा वर्षं आम्ही असे दलदलीत बसलो, खडकांवर बसलो, गाडीच्या टपाखाली बसलो. माझा नवरा गेल्यानंतर मी ज्या माणसाशी सगळ्यात जास्त बोलले, तो एल्विन. आणि त्यातलं बहुतेक बोलणं कुजबुजत, पाखरांना कळू नये म्हणून.

एल्विनला एकच ध्यास होता. सुईशेपटी पाकोळ्या. आमच्या दक्षिण गोलार्धात उन्हाळा मार्चमध्ये सरतो; तेव्हा उत्तरेचा गरम वारा सुटला आणि नैर्ऋत्येला काळा ढग चढला की त्याच्या पुढे पुढे त्या येतात. चहाचा घोट घ्यावा इतक्या वेळात आभाळ ओलांडतात. आमच्या क्लबात त्यांचे फोटो आहेत, पण सगळे काळ्या कोयत्यासारखे. चेहरा कुणालाच मिळालेला नाही. एल्विन म्हणायचा की त्या पाखराचा डोळा एकदा दिसला की मी कॅमेरा धुऊन, पुसून ठेवून देईन.

आणि गेल्या वर्षी, मार्चमध्ये, त्या आल्या. एल्विन लेकीकडे लॉन्सेस्टनला होता, बेरिल माझ्याकडे. मी टेकडीवर उभी होते आणि तीस-चाळीस पाकोळ्या माझ्या डोक्यावरून गेल्या, इतक्या खालून की पंखांचा आवाज कापड टरकावल्यासारखा आला. मी बेरिल उचलायला गेले. ती छातीपर्यंत आली आणि तिथंच थांबली. उजवा खांदा वर्षभर कुरकुरत होता. त्या दिवशी त्यानं सरळ नकार दिला. मी बेरिल छातीशी धरून उभी राहिले आणि त्या गेल्या.

संध्याकाळी एल्विनचा फोन आला. आल्या का, एवढंच त्यानं विचारलं. मी म्हटलं नाही, नुसताच वारा होता.

आल्या म्हणाले असते तर फोटो कुठं, हे आलं असतं. मग खांदा आला असता. मग बेरिल त्याची एकट्याची झाली असती, आणि शनिवार माझे राहिले नसते. मी हे सगळं त्या एका क्षणात जोडलं असं नाही; पण जीभ माझ्या आधी धावली. एल्विननं माझी समजूत काढली. पुढच्या वर्षी येतील म्हणाला. ती समजूत मला वर्षभर टोचत राहिली.

या जानेवारीत माझी भाची टॅम्सिन आली. ती होबार्टला लोकांचे सांधे हलवून देते, त्यातच शिकली आहे. तिनं माझा हात वर केला, खाली केला, कडकड ऐकली आणि म्हणाली, “मावशी, तुझा खांदा म्हणजे गोठ्याच्या फाटकाची बिजागरी आहे. तेल लावू, पण त्यावर बैल नको बांधूस.”

बैल म्हणजे बेरिल. टॅम्सिनकडे दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा होता, नव्या धर्तीचा, लांब लेन्ससकट. मी तो उचलला तर हात आपणहून वर गेला, डोळ्यापर्यंत गेला आणि तिथं राहिला. कुणीतरी माझ्या दंडावरून ओली गोधडी काढून घेतल्यासारखं वाटलं. टॅम्सिन म्हणाली मार्च संपेपर्यंत ठेव, मग एक तर स्वतःचा घे, नाहीतर आपल्या बैलाकडे परत जा.

मी पहिलं काय केलं असेल, तर कंपनीच्या नावावर काळी टेप चिकटवली.

मग दोन महिने मी चोरासारखी वागले. सकाळी, मी सांभाळते ते गावचं वाचनालय उघडायच्या आधी, कुंपणामागे कोंबड्या टिपायच्या, कपडे वाळत घालता घालता चिमण्या टिपायच्या. कॅमेरा शहाणा होता; पाखराचा डोळा आपणच शोधायचा आणि धरून ठेवायचा. फक्त त्याचं कडं उलटं फिरायचं. दूरचं डावीकडे, जवळचं उजवीकडे. एक्कावन्न वर्षं मी उजवीकडे फिरवत आले होते. डोकं शिकलं, पण बोटं लस्कांचीच राहिली.

माझ्या पाळीच्या शनिवारी एल्विन बेरिलला माझ्या व्हरांड्यात आणून ठेवायचा. मी भाचीचं निमित्त सांगून जाणं टाळायची आणि सोमवारी बेरिलची पेटी न उघडता परत द्यायची. काय मिळालं, असं तो विचारायचा. काही खास नाही, असं मी म्हणायची. एकदा त्यानं पेटीच्या खिट्टीवरून अंगठा फिरवला. खिट्टीवर माझ्या व्हरांड्यातली दोन दिवसांची धूळ तशीच होती. त्यानं अंगठा पँटला पुसला आणि पेटी उचलून गाडीत ठेवली.

ट्रेवच्या दुकानात मी खिळे घ्यायला गेले, तर तो म्हणाला, बाई, तू हल्ली शनिवारी दिसत नाहीस, रेसारखी पळालीस की काय. मी हसले. घरी येईपर्यंत ते हसू माझ्या तोंडावर तसंच चिकटून होतं.

खांदा एका बाजूनं ओढायचा, कपाट दुसऱ्या बाजूनं. रोज रात्री ठरवायची की बदलायचं, आणि सकाळी विल्माची आठवण यायची. एकीकडे अकरा वर्षांचे शनिवार, एकीकडे उरलेली सगळी वर्षं. शेवटी मी स्वतःशी एक पैज लावली. पाकोळ्या आल्या आणि या कॅमेऱ्यात त्यांचा चेहरा आला, तर मी बदलीन आणि सगळ्यांसमोर बदलीन. नाही आला, तर टॅम्सिनला कॅमेरा परत, आणि घरात बसून मफलर विणायला लागेन.

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी सकाळीच गरम वारा सुटला. गुरुवारी वाचनालय एक वाजता बंद होतं. बरोब्बर एकला मी कुलूप लावलं आणि स्किनरांच्या बागेमागच्या टेकडीवर चढले. खाली सफरचंदांची तोडणी चालली होती. शिड्या झाडांना टेकलेल्या, वानुआतूच्या बेटांवरून हंगामासाठी आलेली माणसं शिड्यांवर, गळ्यात कापडी पिशव्या, कुठूनतरी गाणं. पलीकडे हार्ट्झच्या डोंगरांवर ढग चढत होता, आधी राखाडी, मग निळा, मग जांभळासारखा.

त्या आल्या. दोन नव्हत्या, दहा नव्हत्या. ढगाच्या कडेनं कुणी मूठभर सुया फेकल्यासारख्या आल्या.

इतक्या वेगाचं पाखरू टिपायचं तर कॅमेऱ्याला आधी हातानं सांगावं लागतं की दूर बघ. मग तो डोळा शोधतो. मी कडं फिरवलं. उजवीकडे. सगळं आभाळ दुधात कालवल्यासारखं झालं. कॅमेरा जवळचं शोधत होता, माझ्या नाकापुढची हवा शोधत होता. मी चुकले म्हणेपर्यंत पहिला थवा डोंगराआड गेला होता. दुसरा आला. मी स्वतःला बजावलं, डावीकडे, डावीकडे. आणि बोटांनी उजवीकडे फिरवलं. दुसराही गेला.

वीज चमकली. पावसाचा वास आला. माझ्या हातात जेमतेम दहा मिनिटं होती आणि एक्कावन्न वर्षांची सवय होती.

मी कॅमेरा डोळ्यापासून खाली घेतला. नावावरची काळी टेप नखानं सोलली. सोललेला तुकडा कड्याच्या डाव्या अंगाला, अंगठा पडतो तिथं, दुमडून चिकटवला. खरखरीत उंचवटा झाला. बोटांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्यांना नवं काही पकडायला दिलं. अंगठ्याला खरखर लागली की तिकडे ओढायचं, बस्स. उजवं नाही, डावं नाही, खरखरीत. कंपनीचं नाव उघडं पडून आभाळाकडे बघत राहिलं. टेकडीवर ते वाचायला कुणी नव्हतं.

तिसरा थवा माझ्याच दिशेनं आला. अंगठा खरखरीला लागला. ओढला. ढगाची कड कात्रीनं कापल्यासारखी स्पष्ट झाली, आणि तिच्यातून एक पाकोळी सरळ माझ्याकडे. कॅमेऱ्यानं तिचा डोळा धरला. मी खांदा वर धरला, आणि तो राहिला वर, माझा बिजागरीचा खांदा, तो कुरकुरला नाही, थांबला नाही, पाकोळीबरोबर वळत गेला, डोक्यावरून मागे, मागून पुढे. कापड टरकलं. मग दुसरं, मग तिसरं. मी श्वास घेतला तेव्हा पहिले थेंब कपाळावर पडत होते.

कॅमेरा जाकिटाखाली घालून मी बागेत धावले. एका शिडीखाली थांबून कॅमेऱ्याचा मागचा पडदा उजळवला. अस्पष्ट, अस्पष्ट, नुसती शेपटी, नुसता ढग. आणि मग ती. पांढरा गळा. किड्यासाठी उघडलेली चोच. शेपटीच्या सुया एकेक मोजाव्यात अशा. आणि डोळा, काळा, ओला, त्यात आभाळाची एक चिमुकली उजेडाची रेघ.

मी काय आवाज काढला मला आठवत नाही. पण शिडीवरचा माणूस पिशवी सावरत खाली उतरला. त्याला वाटलं मी पडले. मी त्याला दाखवलं. तो पावसात बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “ही तुमच्याकडे बघतेय, मामा.” त्यांच्याकडे माझ्या वयाच्या बाईला मामा म्हणतात. त्यानं आपल्या पिशवीतलं एक सफरचंद काढून माझ्या हातात दिलं, जणू मी काही जिंकून आले होते. मी ते तिथंच, भिजत, बियांपर्यंत खाल्लं.

त्या महिन्याच्या बैठकीचा विषय होता ‘हवेत’. परीक्षक उत्तरेकडून आले होते, पेट्राकिस नावाचे, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे. टेबलावर करी-अंड्याचे सँडविच, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक, जोसलिननं केलेल्या शिंपल्यांच्या पाई. जोसलिन आमची चिटणीस. तिची वही म्हणजे क्लबची आठवण. आमची रीत अशी की फोटो पडद्यावर येतो तेव्हा नाव सांगायचं नाही. निकाल लागला की ज्याचा फोटो त्यानं उठायचं आणि कॅमेरा, लेन्स, वेग मोठ्यानं सांगायचं, आणि जोसलिननं लिहायचं.

माझी पाकोळी पडद्यावर आली आणि खुर्च्यांची कुरकुर थांबली.

पेट्राकिसांनी चष्मा कपाळावरून डोळ्यावर घेतला. पडद्यापाशी गेले. मागे आले. म्हणाले की पंचवीस वर्षं मी परीक्षण करतोय आणि या पाखराचं तोंड मी आज पहिल्यांदा बघतोय. मग त्यांनी सर्वोच्च सन्मान दिला, आणि वर म्हणाले की याहून मोठं काही द्यायला असतं तर तेही दिलं असतं. टाळ्या अशा वाजल्या की टेबलावरच्या चमच्यांना कंप सुटला. ट्रेव मागून म्हणाला, हे बेरिलचंच काम, दुसरं कुणाचं असणार.

मी एल्विनकडे पाहिलं. त्या गुरुवारी बेरिल एल्विनच्या घरी होती. तो पडद्याकडे बघतच नव्हता; माझ्याकडे बघत होता.

मी उठले. खांदे सरळ केले. मी कंपनीचं नाव सांगितलं.

जोसलिनचं पेन थांबलं. ट्रेव म्हणाला, “परत सांग बाई, हार्डवेअरवाल्याला कमी ऐकू येतं.” मी परत सांगितलं, हॉलच्या दारापर्यंत जाईल अशा आवाजात, लेन्स सांगितली, वेग सांगितला, आणि म्हटलं की या शनिवारी मी स्वतःचा घ्यायला होबार्टला जाणार आहे. कपाटातलं मला आता काही बसणार नाही, ते मला माहीत आहे. पण खुर्ची बसेल, आणि मी येत राहणार आहे. रेलाही फोन करणार आहे, त्याची खुर्ची सहा वर्षं रिकामी आहे.

कुणीतरी हसलं, पण चांगलं हसलं. जोसलिननं नाव लिहिलं, खाली रेघ मारली आणि पाईची बशी माझ्यापुढे सरकवली. ट्रेवनं टाळी वाजवली, उशिरा आणि एकट्यानं, पण वाजवली.

एल्विन उठून माझ्याजवळ आला. त्याचे डोळे भरलेले होते. त्यानं माझे दोन्ही हात आपल्या लाकडी हातांत घेतले. “दोन महिने तुझ्या पाळीला धूळ खात होती पेटी,” तो म्हणाला. “मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला.” मग पडद्याकडे वळला आणि लहान मुलासारखा हसला. “अकरा वर्षं गं, पोरी. अकरा वर्षांत पहिल्यांदा इतक्या जवळून आल्या त्या, आणि तू तिथं होतीस.”

सगळा हॉल ऐकत होता. मी त्याचे हात सोडले नाहीत.

“पहिल्यांदा नाही, एल्विन,” मी म्हटलं. “गेल्या मार्चलाही आल्या होत्या. चाळीसएक होत्या, माझ्या डोक्यावरून गेल्या. मी तुला नाही म्हणाले, कारण मला बेरिल उचलवली नाही.”